पुढची चाकं आणि वाघोबाचा चढ

जव्हारला जाऊन आलो म्हटलं की आमच्या साताऱ्याकडची माणसं आधी एकच विचारतात, "वाघ दिसला का?" दिसला. चांगला तीनदा दिसला. शेंदूर फासलेला, दगडात कोरलेला, आणि त्याच्यापायी मी त्या चार दिवसांत जेवढे चढ पायी चढलो तेवढे लग्नानंतर कधी चढलो नव्हतो.

मी ठाण्याला एका सरकारी वर्कशॉपात हेडफिटर. जव्हार संस्थानच्या विलीनीकरणाला तेव्हा चार वर्षं झाली होती. संस्थानच्या मोटारखान्यातल्या गाड्या सरकारजमा झाल्या, बऱ्याचशा विकल्याही गेल्या, आणि जव्हारला उरली एक जीप. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीतून घेतलेली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. तिच्याबद्दल तक्रार आली की पुढच्या चाकांचा दांडा ओढला तरी पुढची चाकं ओढत नाहीत.

ज्यांनी जीप पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मोटारीला मागची दोन चाकं ढकलतात, पुढची नुसती वळतात. जीपला गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढची दोन चाकंही जोर धरतात, म्हणजे दोन बैलांच्या गाडीला चार बैल जुंपल्यासारखं होतं. जीपचा सगळा तोरा त्या दांड्यावर. तो चालत नसेल तर ती नुसती हादरे देणारी साधी मोटार.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तिकडे वर डोंगरात सूर्यमाळ गाव आहे, तिथपर्यंत चढते का बघा. दुरुस्त होऊन चढली तर ठेवू, नाही तर मोडीत काढू."

"आणि ड्रायव्हर?"

"संस्थानच्या वेळचा माणूस आहे, अजून कायम झालेला नाही. गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला?"

एवढं बोलून ते पुढच्या फायलीकडे वळले. मीही फारसा विचार केला नाही. मला काय, मी लोखंडाचा माणूस.

जव्हार

ठाण्याच्या उकाड्यातून वर आलो आणि जव्हारच्या वाऱ्याने जीव हलका झाला. मे महिना असूनही संध्याकाळी अंगावर उपरणं घ्यावंसं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलेल्या. आमच्याकडे करवंदं विकणारा आधी भाव सांगतो. इथे आधी दोन हातावर ठेवतात, खा म्हणतात, आणि तुम्ही खाईपर्यंत दुसरीकडे बघत बसतात. मी चार ठिकाणी खाल्ली आणि पाचवीकडून विकत घेतली.

जीप मोटारखान्यात उभी होती, आणि तिच्यापुढे तिचा ड्रायव्हर. जानू त्याचं नाव. पन्नाशीकडे झुकलेला, काटक, खाकी सदरा धुऊन धुऊन पांढरा पडलेला. जीप अशी पुसलेली की बॉनेटमध्ये मला माझ्या मिशा दिसल्या.

"सायब, गाडी झ्याक हाये. उगा कोनी तरी सांगला," तो म्हणाला.

"ते मी ठरवीन, जानूभाऊ," म्हणालो आणि खाली शिरलो.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी तापट आहे आणि माझा माझ्या हातावर फार विश्वास आहे. घरी बायको म्हणते की हा दुसरा दोष पहिल्याहून मोठा. खाली पडल्या पडल्या मला दिसलं की छोट्या दांड्याच्या सांध्यातली पिन झिजून ढिली झाली आहे. झालं! सापडला चोर. दांडा वर ओढला तरी खालची कडी पुरती सरकत नसणार. मी नवी पिन घातली, कडी घट्ट केली, दांडा ओढला. खट्‌कन बसला. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर, नटबोल्ट जागेवर, ग्रीस ताजं. हात पुसत बाहेर आलो आणि वहीत लिहिलं, "दोष सापडला. दूर केला."

जानू इतका खूश झाला की मलाच संकोच वाटला. "झाली ना सायब? मग आता सूर्यमाळला कशाला तरास? सकाळची मोटार हाये ठान्याची."

"हुकूम आहे सूर्यमाळचा. जायचं म्हणजे जायचं."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, म्हाताऱ्याला चढाचा कंटाळा आला असेल.

त्या संध्याकाळी त्याने मला साखरशेतला आपल्या घरी जेवायला नेलं. कुडाच्या भिंतीचं, शेणाने सारवलेलं घर, पुढे उतरती भातखाचरं, अजून कोरडी. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, उडदाचं वरण आणि कैरीची फोड. मी सुकट पहिल्यांदाच खात होतो. वास घेऊन जरा बिचकलो, मग तीन भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही. दोन मुली कंदिलाशी पाटी घेऊन बसल्या होत्या. जानूची बायको वाढता वाढता म्हणाली, "सायब, गाडी राहील ना? गाडी हाये तवर यांची नोकरी हाये. नोकरी हाये तवर पोरी शाळत. नाय तर दिवाळी झाली का वीटभट्टीवर जावा लागल समद्यांना."

"राहील की," मी भाकरी मोडत म्हणालो. "मी दुरुस्त केलीय ती."

जानूने माझ्या पानात आणखी चटणी वाढली.

मोखाड्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी निघालो ते बाजाराचा दिवस असल्याने एकटे निघालोच नाही. वाटेत कोणी हात केला की जानू थांबायचा. मोखाडा अजून लांब होतं तोवर जीपमध्ये आम्ही दोघं, चार बाया, एक म्हातारा, पाच टोपल्या आणि एक कोंबडा एवढे झालो. मी कपाळाला आठ्या घातल्या, तर शेजारच्या बाईने मला जांभळं दिली. आठ्या ठेवून जांभळं खाता येत नाहीत.

एका खड्या चढाच्या पायथ्याशी शेंदराचा दगड होता, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र. जीप थांबली. मी विचारायच्या आत सगळे खाली उतरले, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि दगडाच्या पाया पडले.

"वाघोबा हाये सायब," जानू म्हणाला. "इथून बसून नाय जायचा. उतरायचा, नी गाडीला मागून हात लावून चालायचा. देवासमोर गाडी एकटी नाय सोडायची."

मला ही रीत अतिशय आवडली. आमच्याकडे पालखीला जसा खांदा देतात तसाच हा प्रकार. बूट काढून पाया पडलो आणि जीपच्या मागच्या पत्र्याला श्रद्धेने हात लावला. जानू पुढे एकटा स्टिअरिंगवर. चढ सुरू झाला तसे सगळे "हा हा हा" करत वाकून चालायला लागले. म्हाताऱ्याने मला खांद्याने ढोसलं, "सायब, हात नुसता ठिवू नका. दाबून ठिवा." मी दाबून ठेवला. वर पोचेपर्यंत सदरा भिजला, पण मन प्रसन्न झालं होतं. मी त्या रात्री मोखाड्याच्या धर्मशाळेत माझ्या वहीत, जिथे गाडीचे दोष लिहायचे त्याच्या मागच्या पानावर, या भागातल्या लोकांच्या भक्तीवर अर्धं पान लिहिलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही, लाज म्हणून ठेवलंय.

मोखाड्याच्या अलीकडे आणखी एक वाघोबा होता. तिथेही तेच. तोवर माझ्या टाचेला लिंबाएवढा फोड आला.

सूर्यमाळ

तिसऱ्या दिवशी खोडाळ्याहून वर निघताना गाडीत आम्ही दोघंच, आणि सूर्यमाळच्या शाळेतल्या गुरुजींनी विहिरीसाठी मागवलेल्या सिमेंटच्या तीन गोण्या. चढणारा रस्ता म्हणजे मुरुमाची उकललेली पाठ. दोन्हीकडे साग आणि ऐन, पानं झडलेली. पायथ्याशी पुन्हा वाघोबा. जानूने गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या टाचेची काय दशा झालीय पाहा. देवाला इथूनच हात जोडतो. शिवाय वजन घालून चढते का तेच तर बघायचंय. ओढा दांडा."

"सायब, वाघोबा..."

"वाघोबाचं मी बघून घेईन! ओढा."

त्याने ओढला. अर्ध्या चढापर्यंत गेलो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम उडाला, धूर झाला, जीप इंचभर पुढे जाईना; उलट हळूच मागे घसरायला लागली. मी उडी मारली, टाचेचा फोड फुटला, माझ्या तोंडून देवासमोर निघू नयेत असे शब्द निघाले, आणि चाकाखाली धोंडा लोटला. "चालू ठेवा," असं ओरडून मी पोटावर पडून खाली बघितलं. मागची चाकं गरगर फिरत होती. पुढे जाणारा शाफ्ट, ज्याला मी जव्हारला ग्रीस बघून शाबासकी दिली होती, तोही फिरत होता. आणि पुढची दोन्ही चाकं गप्प उभी.

असं कधी होतं ते फिटरला झोपेतही सांगता येतं. शाफ्ट मधल्या डब्यापर्यंत जोर नेतो. तिथून दोन आडवे दांडे, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. त्यातला एक जरी नसला तरी सगळा जोर त्या रिकाम्या बाजूने वाया जातो आणि चांगल्या बाजूचं चाकही हलत नाही. मी पाना घेतला, डाव्या चाकाची टोपी काढली आणि आतलं झाकण सोडवलं. झाकणाला चकचकीत बोल्ट, आत चकचकीत ग्रीस, आणि दांड्याच्या जागी भोक. आरपार पोकळ. मी त्यात बोट घातलं.

"जानूभाऊ, दांडा कुठाय?"

तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"अहो, दांडा कुठाय विचारतोय मी! परवापासून माझ्याकडून कड्या आवळून घेता, पिना घालून घेता, आणि..." आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "हात का लावायला लावता तुम्ही? दाबून का?"

"पुढची चाका ओढत नाय म्हनून," तो हळूच म्हणाला. "वाघोबा खरा हाये सायब. पाया पडायची रीतबी खरी. हात लावायची तेवढी मी लावली. चार वरीस झाली, आता बैलगाडीवालंबी लावतात."

म्हणजे मी ज्याला भक्ती समजून अर्धं पान खरडलं, ते ढकलणं होतं. मला इतका राग आला की मी खाली बसलो, आणि बसल्यावर इतकं हसू आलं की उठवेना. हसता हसता पुन्हा राग आला.

वरून हंडे घेऊन झऱ्याला निघालेल्या बाया आल्या. त्यांनी विचारलंही नाही. हंडे खाली ठेवले आणि जीपला हात लावला. मीही लावला. दाबून.

सूर्यमाळला पाण्याचा काय भाव आहे ते तिथे गेल्यावर कळतं. गुरुजींनी, म्हणजे तिथल्या एकशिक्षकी शाळेच्या मास्तरांनी, आम्हाला लोटाभर पाणी दिलं. प्यायलो. हातपाय धुवायला मागणार होतो, तेवढ्यात त्यांच्या बायकोला तांदूळ धुतलेलं पाणी वासराला पाजताना पाहिलं आणि जीभ आवरली. नवी विहीर शाळेच्या मागे उतारावर खणत होते. पाऊस पडायच्या आत बांधून काढायची होती, म्हणून ते सिमेंट. मी टाचेला फडकं गुंडाळून बघायला गेलो.

खाली काळ्या खडकाला ओल सुटली होती. एक म्हातारा पहार मारत होता. साध्या पहारीचा आवाज मला माहीत आहे. ही वेगळी वाजत होती, घंटेसारखी. मी वर मागवली. एका टोकाला लोहाराने टोक काढलेलं, पण दुसऱ्या टोकाला बारीक सरळ खाचा, गोल, एकसारख्या. जगातल्या कुठल्याही लोहाराला तशा काढता यायच्या नाहीत.

"लय भारी लोखान," म्हातारा कौतुकाने म्हणाला. "बाकीच्या पाच पहारी वाकल्या. ही वाकत नाय. आमच्या जानूनं दिली."

मी वळून पाहिलं. जानू विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यात.

शेरा

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या ओटीवर मी अहवालाचा छापील कागद पुढे घेतला. शेजारी गुरुजी, समोर जानू. कोरा चहा गुळाचा. पहिलं काम म्हणजे वहीतलं "दोष दूर केला" मी स्वतःच्या हाताने खोडलं. चाक न फिरवता नुसतं ग्रीस बघून शेरा मारणारा हेडफिटर! मग मी जानूला सगळं विचारलं.

संस्थानच्या अगदी शेवटच्या उन्हाळ्यात दाभोशाजवळ नदीच्या पात्रात पुढचं चाक धोंड्यांत अडकलं. त्याने जोर केला आणि दांडा आत तुटला. नवा मागवायच्या आत विलीनीकरण आलं. मोजदाद करायला कारकून आला. एकेक गाडीपुढे उभा राहून विचारायचा, चालू की बंद? मोटारखान्यात बोलवा उठली होती की ज्याची गाडी बंद, त्याला घरी पाठवणार. जानू म्हणाला, चालू. सगळी चालू. आणि यादीवर अंगठा दिला. तुटका दांडा घरात पडून होता, तो पुढे विहिरीला दिला.

कागदावर एक रकाना होता: दोष केव्हा उत्पन्न झाला. मी विचार केला. विलीनीकरणाच्या आधी लिहिलं, तर यादीवरचा अंगठा खोटा ठरतो आणि माणूस गेला. नंतर लिहिलं, तर वापराने झिजून तुटला, कोणाचाच दोष नाही. तुटलेलं टोक आता पहारीचं टोक झालंय, तपासणार कोण?

"नंतर तुटला असं लिहितो," मी म्हणालो. "गेल्या पावसाळ्यात. खाली अंगठा द्या, विषय संपला."

"नाय सायब."

"नाय म्हणजे?"

"तसा नाय तुटला. अंगठा नाय देत."

मी उसळलो. "अहो, दोन दिवस माझ्याशी खोटं बोललात! वाघोबाच्या नावाने मला चढावर ढकलायला लावलंत! आणि आता, जेव्हा खरंच गरज आहे, तेव्हा खोटं बोलायला काय होतंय तुम्हाला? पोरी आहेत घरात! वीटभट्टी आठवते ना?"

गुरुजी म्हणाले, "जानूभाऊ, साहेब भल्यासाठी सांगतात."

"हा गुरुजी. तोंडानं बोललो त्याचा काय, वाऱ्यावर गेला." त्याने उजव्या हाताचा अंगठा पुढे धरून त्याच्याकडे पाहिलं. "पन ह्यो कागदावर राहतो. येक येळ दिला खोटा. चार वरीस जेवताना ह्योच अंगठा घासाला लागतो, नी घास कडू होतो. दुसऱ्यांदा नाय देत सायब. जाऊ दे नोकरी."

मी सरकारी नोकरीत बरेच कागद लिहिले आहेत. त्या सकाळी माझा हात जेवढा जड झाला तेवढा कधी झाला नव्हता. त्या माणसाची मला चीड आली, आणि त्याच क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. शेवटी जे होतं ते लिहिलं. दांडा विलीनीकरणापूर्वी तुटला. चालकाने यादीत खोटं सांगितलं, आज स्वतःहून कबूल केलं. नवा दांडा घातल्यास गाडी उत्तम चालेल. मग 'इतर शेरा' या बोटभर जागेत माझा सगळा ताप ओतला: या चालकाने चार वर्षं फक्त मागच्या दोन चाकांवर, गावकऱ्यांच्या मदतीने, या डोंगरात ही गाडी एकही अपघात न करता चालवली. असा चालक खात्याने सोडणं हा मूर्खपणा ठरेल. 'मूर्खपणा' खोडून 'अनुचित' लिहिलं. गुरुजींनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. जानूने शाई लावली आणि अंगठा असा दाबला की कागदाला खळगा पडला.

उतरताना साखरशेतला त्याच्या घरासमोरून गेलो. मुलींनी हात केला, त्याने हॉर्न वाजवला. मला तिकडे बघवलं नाही.

नंतर

पावसाळा संपता संपता माझ्या टेबलावर हुकुमाची नक्कल आली. मी ती उभ्याउभ्याच वाचली. मजकूर असा होता, की सदरहू वाहन पुढील चाके निकामी असताही सूर्यमाळपर्यंत पोहोचते असे अहवालावरून सिद्ध होते. सबब नवीन दांड्याची आवश्यकता दिसत नाही, मागणी नामंजूर. वाहन सेवेत ठेवावे. अशा स्थितीत ते चालवू शकणारा दुसरा चालक खात्याकडे नसल्याने सध्याच्या चालकास सक्त ताकीद देऊन कायम करावे.

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खात्यातून दोघे धावत आले. त्यांना वाटलं जॅक घसरला.

आठवड्याने गुरुजींचं पत्र आलं. विहिरीला पाणी लागलं होतं, गोडं होतं. हुकूम हातात पडल्यावर जव्हारच्या कचेरीत पोच म्हणून अंगठा मागितला, तर जानूने दिला नाही. कारकून चिडला. जानू कागद घेऊन जीपने थेट सूर्यमाळला आला, शाळा चालू असताना वर्गात शिरला आणि म्हणाला, वाचा. गुरुजींनी पोरांसमोर वाचला. पुन्हा वाचा म्हणाला. पुन्हा वाचला. ताकीदसुद्धा वाचली.

मग त्याने विचारलं, "गुरुजी, ह्यात खोटा काय नाय ना?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "एक अक्षरही नाही."

"मग आना शाई," जानू म्हणाला.